म्हातारीचा मेकओव्हर

२८ फुटी जुनी शिडाची बोट, चार महिन्यांचा पावसाळा आणि भलीमोठी शॉपिंग लिस्ट... करंजाच्या खाडीपासून लोहार चाळीपर्यंतची एक उलटसुलट सफर!

शनिवारची सकाळ. आख्खी मुंबई पांघरुणात गुरफटून लोळतेय आणि मी नेरूळहून सुटलेल्या उरण लोकलमध्ये खिडकी पकडून बसलेय. पाठीवरच्या सॅकमध्ये आज लॅपटॉप नाही. तीन मीटर वायर, मूठभर बोल्ट, सीलंटची एक ट्यूब आणि काकूंनी बांधून दिलेली थालीपिठं. थालीपिठांचा वास सीलंटला पुरून उरलाय, नशीब!

जानेवारी २०२४ मध्ये ही लोकल उरणपर्यंत सुरू झाली आणि आमचे वीकेण्ड सोपे झाले. त्याआधी भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच पकडायची किंवा बसमधून हाडं खिळखिळी करून घ्यायची. आता खिडकीबाहेर बघत बसा. आधी बिल्डिंगा, मग खारफुटी, लांबवर बंदराच्या जिराफासारख्या क्रेन्स आणि शेवटी पावसात न्हाऊन हिरवागार झालेला द्रोणागिरी. उरणला उतरायचं, रिक्षा करायची आणि ‘करंजा’ म्हणायचं. सुकटीचा वास आला की समजा, आलो.

करंजा म्हणजे मासेमारीच्या बोटींचं गाव. पावसाळ्यात मासेमारीला बंदी असते, तेव्हा सगळ्या बोटी किनाऱ्याला शिस्तीत उभ्या असतात. नवा रंग, नवी दोरखंडं, जाळ्यांची दुरुस्ती. त्याच खाडीकाठी एका छोट्या यार्डात, निळ्या ताडपत्रीखाली, लाकडी टेकूंवर आमची म्हातारी उभी होती.

म्हातारी म्हणजे २८ फुटी, फायबरग्लासची, शिडाची बोट. वयाने माझ्यापेक्षा मोठी. कागदावर तिचं नाव काहीतरी इंग्रजी फॅशनेबल आहे, पण ते कुणीच घेत नाही. माझ्या कॉलेजपासूनच्या एका मित्राने ती जुन्या मालकाकडून विकत घेतली. हा मित्र सोमवार ते शुक्रवार बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळतो आणि शनिवार-रविवार ‘कप्तान’ असतो. बाकीचे मित्र ईएमआयवर गाड्या घेत होते तेव्हा याने बोट घेतली. काकू, म्हणजे त्याची आई, त्यानंतर पंधरा दिवस त्याच्याशी धड बोलल्या नव्हत्या.

लिस्ट नंबर वन

बोट घेतली की पहिल्यांदा काय होतं? लिस्ट होते! कप्तानच्या लिस्टमध्ये काय काय होतं बघा : मोठ्या रंगीत स्क्रीनचा चार्टप्लॉटर, स्टिरिओ, डेकवर निळे दिवे, गरम पाण्याचा शॉवर आणि सगळ्यात वर, फ्रीज. लग्नाच्या रुखवतात मांडतात तशी एकेक वस्तू त्याने मनातल्या मनात मांडून ठेवली होती.

यातल्या तीन गोष्टी पहिल्याच सीझनमध्ये बसल्यासुद्धा. प्लॉटर, स्टिरिओ आणि फ्रीज. दिसायला म्हातारी एकदम चकाचक! मी तर तिच्यावर फिदाच झाले होते. गेटवेसमोर नांगरलेल्या बोटीत बसून, मागे ताजमहाल हॉटेल, हातात थंडगार सरबत. फोटोंना कसले भन्नाट लाइक्स मिळाले होते!

मग आली मे महिन्यातली ती रात्र.

अंधारातला लाल-हिरवा

प्लॅन साधा होता. गेटवेहून खांदेरीपर्यंत जायचं, बेटाला वळसा घालायचा आणि परत. साधारण १३ सागरी मैल तिकडे, १३ इकडे. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर आणि आमची म्हातारी वारा चांगला असेल तर तासाला पाच मैल जाते. म्हणजे ठाण्याहून सीएसएमटीला सायकलने जाण्यासारखं समजा. कप्तान, त्याच्या ऑफिसातला एक मित्र आणि मी, असे तिघं होतो.

खांदेरी सॉल्लिड दिसतं. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये या बेटावर किल्ला बांधायला घेतला आणि मुंबईच्या इंग्रजांची झोप उडवली. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मराठ्यांच्या ज्या १२ किल्ल्यांची नोंद केली, त्यात खांदेरीही आहे. १८६७ चं दीपगृह अजून उभं आहे. आम्ही फोटो काढले, गाणी लावली, आंबे कापले. फ्रीज सकाळपासून गुणगुणत होता. तीन फोन चार्जिंगला होते.

परत निघालो आणि सूर्य बुडाल्यावर वारा पडला. शाळेच्या भूगोलात आपण घोकलेलं असतं : दिवसा समुद्राकडून खारे वारे, रात्री जमिनीकडून मतलई वारे. पुस्तकात जे लिहिलेलं नसतं ते म्हणजे या दोघांच्या मधला तास. एक संपलाय, दुसरा सुरू व्हायचाय, आणि शीड ओल्या टॉवेलसारखं लोंबकळतंय. “काही नाही, इंजिन लावू,” कप्तान म्हणाला.

त्याने चावी फिरवली. टक्. परत फिरवली. टक्. मग प्लॉटरची रंगीत स्क्रीन मिणमिणली आणि विझली. डोलकाठीवरचा दिवा पिवळा पडत पडत गेला. बोटीत एकच बॅटरी होती. फ्रीजही तिच्यावर, गाणीही तिच्यावर आणि इंजिनाचा स्टार्टरही तिच्यावरच. दिवसभरात आम्ही ती पिऊन टाकली होती.

ओहोटीचं पाणी आम्हाला हळूहळू मोठ्या जहाजांच्या चॅनेलकडे नेत होतं. मुंबई बंदर आणि जेएनपीएकडे जाणारी जहाजं याच खोल वाटेने आत येतात. तेवढ्यात ऑफिसवाला मित्र म्हणाला, “ते काय आहे?” एक लाल दिवा, एक हिरवा दिवा आणि मध्ये एकावर एक असे दोन पांढरे.

जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा असतो, उजव्या अंगाला हिरवा. फक्त लाल दिसला तर त्याची डावी बाजू तुमच्याकडे आहे. फक्त हिरवा दिसला तर उजवी. दोन्ही एकदम दिसले आणि पांढरे एका रेषेत आले, तर जहाज सरळ तुमच्यावर येतंय.

असं मोठं जहाज ब्रेक लावून थांबत नाही, त्याला थांबायला किलोमीटर लागतात. आणि नियमही त्याच्याच बाजूने आहे. अरुंद चॅनेलमध्ये छोट्या बोटींनी आणि शिडाच्या बोटींनी त्याच्या आड यायचं नसतं. आम्ही आड आलो होतो, तेही बिनदिव्याचे. कप्तानने मोबाइलचा टॉर्च लावला आणि पांढऱ्या शिडावर मारला. “तुम्हीपण मारा! शिडावर!” तीन मोबाइल, त्यातला माझा नऊ टक्क्यांवर. एक जण वल्ह्याने पाणी मारत होता.

हिरवा दिवा दिसेनासा झाला. नुसता लाल राहिला. जहाज वळलं होतं की आम्ही बाजूला सरकलो होतो, हे आजही सांगता येणार नाही. ते किती अंतरावरून गेलं तेही नाही, अंधारात अंदाजच येत नाही. एवढंच सांगते की त्याच्या इंजिनाची धडधड मला छातीत जाणवली आणि नंतर त्याच्या लाटेने आम्हाला पाळण्यासारखं हलवलं. कुणी काही बोललं नाही. तासाभराने जमिनीकडून वारा आला आणि आम्ही पहाटे गेटवेला लागलो.

दुसऱ्या आठवड्यात कप्तानने फ्रीज काढून विकायला ठेवला. आणि लिस्ट नंबर वन फाडून टाकली.

अँपिअरचा हिशेब

नवी लिस्ट करंजाच्या यार्डात, थालीपिठांच्या साक्षीने तयार झाली. तिची सुरुवात वस्तूंनी नाही, गणिताने झाली. आपण महिन्याचा खर्च मांडतो ना, पगार इतका, भाडं इतकं, तसंच.

आमची बॅटरी १०० अँपिअर-तासांची. पण साधी लेड-अॅसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली नेली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे खरा पगार ५०! आता खर्च बघा. छोटा फ्रीज चालू असताना साधारण चार अँपिअर ओढतो आणि आपल्या उकाड्यात निम्मा वेळ तरी चालूच असतो. दिवसाला ४८. म्हणजे आख्खा पगार एकट्या फ्रीजला. डोलकाठीवरचा जुना २५ वॉटचा बल्ब रात्रभर, दहा तास लावला तर २०-२१. प्लॉटर, पंप, स्टिरिओ, फोन वेगळेच. आम्ही उधारीवर जगत होतो आणि वसुलीवाला भर चॅनेलमध्ये आला!

मग सुरू झाली खरी अपग्रेड. पहिलं काम : इंजिनासाठी वेगळी बॅटरी. तिला दुसरं कुणी हात लावायचा नाही, फिक्स्ड डिपॉझिट. मध्ये एक स्विच. पूर्ण यादीतलं हे सगळ्यात कमी दिमाखाचं काम आणि त्या रात्री नेमकं तेवढंच असतं तरी हा लेख मला लिहावा लागला नसता.

दुसरं काम : बल्ब. २५ वॉटच्या जागी तीन वॉटचा एलईडी. रात्रीचा खर्च २१ वरून अडीचवर. पूर्ण बोटीत एवढी स्वस्त कमाई दुसरी नाही.

तिसरं काम : सोलर पॅनेल. १०० वॉटचं एक पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला २५-३० अँपिअर-तास देतं. आम्ही दोन बसवली, मागच्या बाजूला एका पाइपच्या कमानीवर. कमान का? कारण पॅनेलच्या एका कोपऱ्यावर जरी डोलकाठीची किंवा दोरीची सावली पडली, तरी वीज धाडकन खाली येते. यार्डात आम्ही दोघांनी एक दुपार नुसती सावल्या मोजण्यात घालवली. ऑफिसमध्ये असं काम मागून मिळेल?

आणि थंड पाणी? शेजारच्या बोटीवर रंग मारत बसलेले तांडेल काका आमची चर्चा दोन शनिवार ऐकत होते. शेवटी न राहवून म्हणाले, “अरे, बरफ हाय ना! त्याला बॅटरी लागत नाय.” मासेमारीला जाणाऱ्या बोटी बर्फ भरूनच तर निघतात! फ्रीजच्या खोक्यात थर्माकोल दाबून आम्ही त्याची बर्फाची पेटी केली.

सगळं चकाकतं ते...

बोटीचं सामान मुंबईत मिळतं कुठे? मॉलमध्ये तर नाहीच. त्यासाठी क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासची दुनिया बघायला हवी. वायर, स्विच, फ्यूजसाठी लोहार चाळ. नट-बोल्ट, पाइप, व्हॉल्व्हसाठी नागदेवी. आणि रे रोडच्या दारूखान्यात फिरताना तर भान हरपतं. तोडलेल्या जहाजांचे दिवे, साखळ्या, गोल खिडक्या, दोरखंडं रस्त्यावर रचून ठेवलेली असतात. एका दुकानाबाहेर मी जहाजाचं सुकाणूचाक बघितलं, त्यावर एक मांजर झोपलं होतं.

पण इथे एक गोची आहे. घरासाठी उत्तम असलेली वस्तू समुद्रासाठी चालतेच असं नाही. घरातली तांब्याची वायर खाऱ्या हवेत आतून काळी पडते, म्हणून बोटीत कल्हई केलेल्या तांब्याची वायर घ्यायची. ‘स्टेनलेस’ म्हणून मिळणारं ३०४ नंबरचं स्टील समुद्रावर तांबूस डाग धरतं, ३१६ नंबरचं जास्त टिकतं कारण त्यात मॉलिब्डेनम असतं. दोन्ही दिसायला सेम टू सेम. आणि प्रॉपेलरजवळ जस्ताचा एक तुकडा लावायचा. समुद्राचं पाणी आधी त्याला खातं आणि बाकीच्या धातूला सोडतं. तो झिजला की नवा लावायचा. आपल्या ऑफिसातल्या एखाद्या ट्रेनीसारखी त्याची ड्यूटी असते, दुसरं काय!

सगळ्यात मोठा धडा मात्र एका नळाने दिला. बोटीच्या तळाला, पाण्याच्या पातळीखाली, काही भोकं मुद्दाम पाडलेली असतात. इंजिन थंड करायला पाणी आत घ्यायला, टॉयलेटचं पाणी बाहेर सोडायला. प्रत्येक भोकावर एक व्हॉल्व्ह असतो. जूनमध्ये कप्तान टॉयलेटचा दीड इंची व्हॉल्व्ह तपासायला वाकला, जरासा पिळला आणि व्हॉल्व्ह त्याच्या हातात आला. तुटून! आतून धातू गुलाबीसर आणि बिस्किटासारखा भुसभुशीत झाला होता.

कधीतरी कुणीतरी तिथे साधा पितळी व्हॉल्व्ह बसवला होता. पितळ म्हणजे तांबं अधिक जस्त. खारं पाणी त्यातलं जस्त हळूहळू शोषून घेतं आणि मागे उरतं ते सच्छिद्र, गुलाबी तांबं. बाहेरून पॉलिश केलं की पुन्हा सोन्यासारखं चकचकीत! अशा जागी ब्राँझ लागतं किंवा त्यासाठीच बनवलेलं खास प्लास्टिक.

बोट जमिनीवर होती म्हणून आम्ही हसलो. मग कप्तानने पाटीवर आकडेमोड केली. पाण्याच्या दोन फूट खाली दीड इंची भोक, मिनिटाला १०० लिटरहून जास्त पाणी. ऑफिसात कूलरवर उलटी ठेवतात ती २० लिटरची बाटली माहितीये? तशा पाच. दर मिनिटाला. हसू थांबलं.

सगळे व्हॉल्व्ह बदलले. प्रत्येकाशेजारी मऊ लाकडाची एक निमुळती खुंटी दोरीने बांधून ठेवली. व्हॉल्व्ह गेला तर ठोकायची. करंजाच्या सुताराने त्या खुंट्या अर्ध्या तासात कातून दिल्या. आख्ख्या बोटीवरची सगळ्यात लो-टेक अपग्रेड!

कुलाब्याची पोरगी

आता जरा गर्वाची गोष्ट. शिडाच्या बोटीतून एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीला पहिली प्रदक्षिणा घातली ती रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी. १४ जून १९६८ ला इंग्लंडहून निघाले, २२ एप्रिल १९६९ ला परत पोचले. ३१२ दिवस! त्यांची ३२ फुटी सागवानी बोट ‘सुहेली’ बांधली कुठे गेली, माहितीये? आपल्या कुलाब्यात. १९६४ मध्ये ती मुंबईच्या पाण्यात उतरली. गेटवेवर सेल्फी काढणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

‘सुहेली’वर फ्रीज नव्हता, हे सांगायलाच नको. एक गोष्ट होती : वाऱ्यावर चालणारं स्वयंचलित सुकाणू. वीज नको, पेट्रोल नको. वाऱ्याची दिशा ओळखणारं एक पातं असतं, बोट वळली की ते कलतं आणि सुकाणू सावरतं. तेही ऑस्ट्रेलियाजवळ मोडलं. गडी पुढे तसाच गेला.

आपल्याकडची परंपरा गोव्यात सापडते. मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डात ५६ फुटी ‘म्हादेई’ बांधली गेली. तिच्यातून नौदलाचे दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये चार थांबे घेत एकट्याने जगप्रदक्षिणा केली, असं करणारे पहिले भारतीय. २०१२-१३ मध्ये त्याच ‘म्हादेई’तून अभिलाष टॉमी कुठेही न थांबता फिरून आले. दिवाडीच्याच ‘तारिणी’तून २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी गेल्या आणि ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ दरम्यान दोघीच अधिकारी, दिलना आणि रूपा, जग फिरून आल्या.

टॉमींनी २०१८ मध्ये पुन्हा प्रयत्न केला, ‘सुहेली’च्याच धर्तीवर गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’तून. हिंदी महासागरात वादळाने डोलकाठी तोडली, त्यांच्या पाठीला जबर इजा झाली, फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. तरी २०२२ ला हा माणूस परत त्याच शर्यतीत उतरला आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरा आला!

हे सगळं वाचल्यावर कप्तानने लिस्टच्या प्रत्येक वस्तूपुढे एक नवा कॉलम काढला : ‘हे मोडलं तर मी भर समुद्रात हातांनी दुरुस्त करू शकतो का?’ शॉवर, स्टिरिओ, निळे दिवे... सगळे एका फटक्यात उडाले.

काकूंचा प्रश्न

नारळी पौर्णिमेला काकू पहिल्यांदा करंजाला आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून घारापुरीला निघालेल्या फेरीला नौदलाची स्पीडबोट धडकली, माणसं गेली. तेव्हापासून काकूंना समुद्राचं नाव काढलेलं चालत नव्हतं. तरी आल्या. साडी खोचून शिडी चढल्या, आत वाकून बघितलं, कप्तानने हौसेने केलेली वायरिंग बघितली. प्रत्येक वायरला नंबर, प्रत्येकीला फ्यूज. डेकच्या दोन्ही कडांना पुढून मागेपर्यंत ताणलेला पट्टा दाखवला. रात्री किंवा खराब हवेत छातीचा पट्टा त्यात अडकवूनच डेकवर जायचं. एआयएस दाखवलं. आजूबाजूच्या जहाजांचं नाव, वेग, दिशा स्क्रीनवर येते आणि आपली त्यांच्या स्क्रीनवर जाते. व्हीएचएफ रेडिओ दाखवला, दोन्हींचे सरकारी परवानेसुद्धा दाखवले. काकू सगळ्याला “हं” म्हणत होत्या.

मग त्या माझ्याकडे वळल्या.

“हा पडला तर तुला ही वळवता येते का गं?”

यार्डात एकदम शांतता. तांडेल काकांचा ब्रशसुद्धा थांबला.

मी दोन सीझन या बोटीवर जात होते. सॅण्डविचेस करत होते, फोटो काढत होते, दोरी ओढ म्हटलं की ओढत होते. पण कप्तान पाण्यात पडला असता, तर मी त्याच्याकडे बघत बघत किनाऱ्याला लागले असते. कदाचित तेही नाही. पाच मैल वेगाची बोट दर सेकंदाला अडीच मीटर पुढे जाते. एका मिनिटात दीडशे मीटर. आम्ही बोटीवर सगळं बसवलं होतं. बोट चालवू शकणारा दुसरा माणूस तेवढा राहिला होता.

“नाही येत, काकू,” मी म्हणाले.

“मग शीक. तोवर तो जाणार नाही,” काकू म्हणाल्या आणि शिडी उतरून गेल्या.

नारळ ओव्हरबोर्ड!

ऑक्टोबरमध्ये म्हातारी पाण्यात उतरली आणि माझी शाळा सुरू झाली. काकूंनी दिलेला सोललेला नारळ कप्तान न सांगता पाण्यात टाकायचा आणि ओरडायचा, “मी पडलो!” त्यापुढे तो एक शब्द बोलणार नाही, बोटही हलवणार नाही.

नियम असा : नजर हटवायची नाही. तिसरं कुणी असेल तर त्याने फक्त नारळाकडे बोट दाखवत उभं राहायचं. लाइफबॉय फेकायचा. जीपीएसवर जागा नोंदवायची. बोट वळवायची आणि वाऱ्याकडे तोंड करून नारळाजवळ अलगद थांबवायची.

ऐकायला सोप्पं! पहिल्यांदा मी नारळच हरवला. गेटवेसमोर, भरदुपारी, फूटभराच्या लाटांत तपकिरी नारळ दिसत नाही. माणसाचं डोकं तेवढंच असतं, हे त्या क्षणी लक्षात आलं आणि पोटात गोळा आला. दुसऱ्यांदा मी त्याच्या वरून बोट नेली. तिसऱ्यांदा इतक्या लांब थांबले की कप्तान म्हणाला, “मला तिथून रिक्षा करावी लागेल.” सहाव्या प्रयत्नात नारळ माझ्या हाताला लागला.

लागला, पण वर घेणार कसा? नारळ जाळीने आला. ७५ किलोचा माणूस, ओल्या कपड्यांत, मीटरभर उंच कठड्यावरून? त्या दिवशी लिस्टमध्ये शेवटची वस्तू वाढली : मागच्या बाजूला घडीची शिडी, पाण्यातल्या माणसालाच खाली ओढता येईल अशी. दोन लिस्ट झाल्या आणि ही गोष्ट दोन्हींमध्ये नव्हती!

नोव्हेंबरच्या एका रात्री आम्ही पुन्हा खांदेरीहून परतत होतो. तेच चॅनेल, तोच मधला तास. या वेळी डोलकाठीवर दिवा होता, इंजिन पहिल्या चावीला सुरू झालं होतं आणि एआयएसवर एका कंटेनर जहाजाचं नाव स्वच्छ दिसत होतं. आम्ही चॅनेलबाहेर थांबलो, ते गेलं, मग ओलांडलं. कप्तान आत झोपला होता. बर्फाच्या पेटीतलं कोकम सरबत अजून थंड होतं.

फोन वाजला. काकूंचा मेसेज. “कुठपर्यंत आलात?”

मी एका हाताने टाइप केलं, “प्राँग्ज दीपगृह दिसतंय. मी चालवतेय.”

जरा वेळाने उत्तर आलं. “बरं. मग मी झोपते.”

वीकेण्ड सेलर व्हायचंय?

• मुंबईत शिडाच्या बोटींचा सीझन साधारण ऑक्टोबर ते मे. आधी एखाद्या क्लबमध्ये छोट्या बोटीवर शिका, बोट विकत घेण्याचं नंतर बघा.

• जुनी बोट घेताना ती पाण्याबाहेर काढून बघा. तळाचे व्हॉल्व्ह, डोलकाठीच्या तारा, जस्ताचा तुकडा. चकाकी बघून भुलू नका.

• सामानाचा क्रम : आधी तरंगत राहणं, मग दिसणं, मग थांबता-वळता येणं. गाणी सगळ्यात शेवटी.

• दिवसाला किती वीज लागते ते कागदावर मांडा, मगच सोलर आणि बॅटरी घ्या.

• बोटीवर किमान दोघांना बोट वळवता आली पाहिजे. खात्रीसाठी एक नारळ पुरतो!